पगार मिळायला १५ वर्षं लागली, पण नोकरीवरून काढताना एमी नोटर यांचं नाव पहिल्या सहांत होतं

२५ एप्रिल १९३३. जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात बर्लिनहून एक तार आली. तारेत सहा प्राध्यापकांची नावं होती आणि या सगळ्यांना तातडीनं रजेवर पाठवा असा आदेश होता. रजा हा नुसता म्हणायला शब्द. खरा अर्थ होता, घरी बसा.

हिटलर सत्तेवर येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. ७ एप्रिलला त्याच्या सरकारनं एक कायदा केला. ज्यू लोकांना आणि सरकारला नको असलेल्या विचारांच्या माणसांना सरकारी नोकरीतून बाहेर काढायचं, हा त्याचा उद्देश. जर्मनीतली विद्यापीठं सरकारी होती, त्यामुळं प्राध्यापकही या कायद्याच्या कचाट्यात सापडले.

त्या सहा नावांमधलं एक नाव होतं एमी नोटर.

आता यातली गोम बघा. सरकारी नोकर काढायच्या कायद्याखाली ज्यांना काढलं, त्या एमी नोटर आयुष्यात कधी कायम सरकारी नोकर झाल्याच नव्हत्या. पूर्ण प्राध्यापकपद नव्हतं, पेन्शन नव्हती, विद्यापीठाच्या कारभारात मत नव्हतं. एका विद्यापीठात सात वर्षं आणि दुसऱ्या विद्यापीठात आठ वर्षं, अशी एकूण १५ वर्षं त्यांनी पगाराविना काम केलं होतं.

आणि याच काळात त्यांनी मांडलेला एक सिद्धांत आज जगभरातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकावाच लागतो.

मग प्रश्न पडतो की पगार नाही, पद नाही, कागदावर नावसुद्धा नाही, अशा ठिकाणी एखादी बाई इतकी वर्षं टिकली कशी? जिद्द हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर त्यांच्या सहकाऱ्यांमध्ये सापडतं.

वडील प्राध्यापक, मुलीला मात्र प्रवेश नाही

एमीचा जन्म २३ मार्च १८८२ चा, जर्मनीतल्या एर्लांगेन गावातला. घर ज्यू आणि खाऊनपिऊन सुखी. वडील माक्स नोटर हे एर्लांगेन विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते आणि त्यांचं त्या काळात चांगलं नाव होतं.

त्या काळच्या मध्यमवर्गीय जर्मन मुलींनी जे शिकायचं ते एमीही शिकली. भाषा शिकली, पियानो शिकली, घरकाम शिकली. नाचायची तिला भारी हौस होती. १९०० साली तिनं मुलींच्या शाळेत फ्रेंच आणि इंग्रजी शिकवण्यासाठीची सरकारी परीक्षा दिली आणि चांगल्या श्रेणीत पास झाली. म्हणजे शिक्षिकेची नोकरी समोर उभी होती.

पण तिनं ती नोकरी केलीच नाही. तिला गणित शिकायचं होतं.

अडचण अशी होती की एर्लांगेन विद्यापीठ मुलींना प्रवेश देत नव्हतं. मुलींना घेतलं तर विद्यापीठाची सगळी शिस्त कोलमडेल, असं तिथल्या सिनेटनं दोनच वर्षांपूर्वी, १८९८ मध्ये जाहीर केलं होतं. मुलींनी फार तर वर्गात बसून ऐकावं, आणि तेही त्या प्राध्यापकानं परवानगी दिली तर. म्हणजे दर विषयाला नव्यानं विचारायचं आणि समोरच्याच्या मर्जीवर राहायचं. त्या वर्षी विद्यापीठात जवळपास १००० विद्यार्थी होते आणि त्यात फक्त २ मुली होत्या. एमी त्यातली एक.

वडिलांच्याच विद्यापीठात तिला पाहुण्यासारखं बसावं लागत होतं. पण बहुतेक प्राध्यापक घरी येणारे-जाणारे होते, त्यामुळं परवानगी मिळून गेली. इथूनच एक गोष्ट सुरू झाली जी तिला आयुष्यभर पुरली. नियम आडवा यायचा आणि ओळखीतलं कुणीतरी दार किलकिलं करून द्यायचं.

१९०३ मध्ये ती विद्यापीठ प्रवेशासाठीची परीक्षा पास झाली आणि एका सत्रासाठी गॉटिंगेनला जाऊन आली. १९०४ मध्ये एर्लांगेननं आपला नियम बदलला आणि एमीचं नाव रीतसर पटावर आलं. पुढं १९०७ मध्ये पॉल गॉर्डन या प्राध्यापकांच्या हाताखाली तिनं पीएचडीची परीक्षा सर्वोच्च श्रेणीत पार केली. प्रबंधात शेकडो समीकरणं एकामागून एक मांडली होती. स्वतः एमी नोटर मात्र पुढं या प्रबंधाला सरळ कचरा म्हणायच्या.

सात वर्षं, शून्य पगार

डॉक्टरेट झाली, आता नोकरी. इथंच खरी गाडी अडली.

जर्मन विद्यापीठांची उतरंड समजून घेतली तर हे नीट कळतं. सगळ्यात वर पूर्ण प्राध्यापक. त्याला सरकारी पगार, पेन्शन आणि विभागाच्या कारभारात मत. सगळ्यात खाली प्रिव्हाटडोझेंट. याला शिकवायचा परवाना असायचा, पण पगार नसायचा. वर्गात जितकी पोरं बसतील तितक्यांची फी मिळायची. आणि हा परवाना मिळवायलाही पीएचडीनंतर आणखी एक प्रबंध आणि परीक्षा द्यावी लागायची. तिला म्हणतात हाबिलिटेशन.

बायकांना या उतरंडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवरसुद्धा पाय ठेवायला मनाई होती.

म्हणून १९०८ ते १९१५ अशी सात वर्षं एमी नोटर एर्लांगेनच्या गणित संस्थेत काम करत राहिल्या आणि त्यांना एक पैसा मिळाला नाही. संशोधन करायचं, विद्यार्थ्यांना मदत करायची आणि वडिलांची तब्येत बरी नसली की त्यांचे तास घ्यायचे. राहणं-खाणं घरच्या पैशांवर. घर खाऊनपिऊन सुखी नसतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. गुणवत्ता तितकीच असलेल्या पण घरून आधार नसलेल्या किती मुली याच टप्प्यावर शाळेतल्या नोकरीकडं वळल्या असतील, त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत.

या सात वर्षांत एक सहकारी मात्र फार मोलाचा भेटला. १९११ मध्ये अर्न्स्ट फिशर हे गणितज्ञ एर्लांगेनला आले. दोघं तासन्‌तास गणितावर बोलायचे. बोलणं अपुरं राहिलं की एमी घरी जाऊन पोस्टकार्ड लिहायच्या. एकाच गावात राहून पोस्टकार्डावर गणित चालायचं. आकडेमोडीच्या जुन्या वाटेवरून आधुनिक बीजगणिताच्या वाटेवर एमी वळल्या, त्यात फिशर यांचा वाटा मोठा होता.

हिल्बर्ट यांनी काढलेली पळवाट

१९१५ मध्ये गॉटिंगेनहून बोलावणं आलं. गॉटिंगेन म्हणजे तेव्हाची गणिताची पंढरी. डेव्हिड हिल्बर्ट आणि फेलिक्स क्लाइन असे दोन दिग्गज तिथं होते आणि दोघांनाही एमी नोटर हव्या होत्या.

कारण होतं आइनस्टाइन. १९१५ च्या उन्हाळ्यात आइनस्टाइन यांनी गॉटिंगेनला येऊन आपल्या सापेक्षतेच्या व्यापक सिद्धांतावर व्याख्यानं दिली होती. हिल्बर्ट त्या कामात उतरले. पण एक गाठ सुटत नव्हती. ऊर्जा नष्ट होत नाही आणि निर्माणही होत नाही, हा शाळेत शिकलेला नियम या नव्या सिद्धांतात नीट बसत नव्हता. ती गाठ सोडवायला ज्या प्रकारचं गणित लागणार होतं, त्यात एमी नोटर यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्या गॉटिंगेनला पोचल्या आणि दोनच आठवड्यांत आई गेल्याची बातमी आली. घरी जाऊन, सगळं उरकून त्या परत आल्या.

हिल्बर्ट आणि क्लाइन यांनी लगेच त्यांच्या हाबिलिटेशनसाठी प्रयत्न सुरू केले. पण प्रशियाचा १९०८ चा नियम सांगत होता की हा परवाना फक्त पुरुषांना. गणितवाल्यांनी खास सवलत मागितली. तेव्हा गणित, इतिहास, भाषा असे सगळे विषय एकाच मोठ्या विद्याशाखेत होते आणि विरोध झाला तो मुख्यतः इतिहास आणि भाषांच्या प्राध्यापकांकडून.

त्यांचं म्हणणं काय होतं? महायुद्ध चालू आहे, सैनिक उद्या आघाडीवरून परत येतील, त्यांनी काय एका बाईसमोर बसून शिकायचं? आणि आज प्रिव्हाटडोझेंट केलं तर उद्या ती प्राध्यापक होईल, परवा सिनेटमध्ये येऊन बसेल!

यावर हिल्बर्ट यांचा पारा चढला. उमेदवार बाई आहे की बुवा याचा इथं काय संबंध, हे विद्यापीठ आहे, अंघोळीची जागा नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी भर सभेत सुनावल्याचा किस्सा आजही गणितवाले रंगवून सांगतात.

पण किस्सा गाजला म्हणून नियम बदलला नाही. मंत्रालयानं सवलत नाकारली.

मग हिल्बर्ट यांनी पळवाट काढली. १९१६-१७ च्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या वेळापत्रकात एक वर्ग लागला. गणिती भौतिकशास्त्र, शिकवणार प्राध्यापक हिल्बर्ट, साहाय्य डॉक्टर नोटर, सोमवारी ४ ते ६, फी नाही. वर्ग लागायचा हिल्बर्ट यांच्या नावावर आणि शिकवायच्या एमी नोटर.

या पळवाटेकडं दोन बाजूंनी बघता येतं. एका बाजूनं हा सहकाऱ्याचा आधार होता. हिल्बर्ट यांनी आपलं नाव छत्रीसारखं वापरू दिलं, म्हणून एमी वर्गात उभ्या राहू शकल्या. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर विद्यापीठाला एक अव्वल शिक्षिका फुकटात मिळाली आणि नियम बदलायची घाईही उरली नाही. काम चाललंय ना, मग चालू द्या. ही व्यवस्था वर्षानुवर्षं तशीच चालली.

सहकाऱ्यानं वाचलेला पेपर

१९१८ मध्ये एमी नोटर यांनी ती अडलेली गाठ सोडवली. सोडवता सोडवता त्यापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट हाती लागली, जिला आज नोटर यांचा सिद्धांत म्हणतात.

हा सिद्धांत सोप्या भाषेत असा. समजा तुम्ही एक प्रयोग आज केला आणि तोच प्रयोग उद्या केला. निसर्गाचे नियम काही एका रात्रीत बदलत नाहीत. नोटर यांनी गणितानं दाखवलं की नियम वेळेनुसार बदलत नाहीत, म्हणूनच ऊर्जा अक्षय्य राहते. तोच प्रयोग पुण्यात केला काय आणि नागपुरात केला काय, जागा बदलल्यानं नियम बदलत नाहीत, म्हणून संवेग अक्षय्य राहतो. प्रयोगाचं तोंड पूर्वेला असो की उत्तरेला, नियम तेच राहतात, म्हणून फिरणाऱ्या वस्तूचा कोनीय संवेग अक्षय्य राहतो. थोडक्यात, निसर्गात जिथं जिथं असा सारखेपणा सलग चालत राहतो, तिथं तिथं काहीतरी जपलं जातं.

तोपर्यंत हे अक्षय्यतेचे नियम वेगवेगळे सुटे सुटे वाटत होते. नोटर यांनी त्यांचं मूळ एकच असल्याचं दाखवलं. पुढं मूलकणांचं भौतिकशास्त्र उभं राहिलं, त्याच्या पायात ही कल्पना आहे. आइनस्टाइन यांनी तेव्हाच हे काम वाचलं आणि गॉटिंगेनला पत्र लिहून त्याचं मनापासून कौतुक केलं.

पण जुलै १९१८ मध्ये हा पेपर गॉटिंगेनच्या विज्ञान परिषदेपुढं मांडला गेला तेव्हा तो मांडला फेलिक्स क्लाइन यांनी. कारण नोटर त्या परिषदेच्या सदस्य नव्हत्या. पुढंही त्यांना कधी सदस्य करून घेतलं नाही.

त्याच वर्षी जर्मनी युद्ध हरला, कैसर गेला, प्रजासत्ताक आलं. बायकांना मताचा हक्क मिळाला आणि वारं बदललं. १९१९ मध्ये एमी नोटर यांचं हाबिलिटेशन अखेर मंजूर झालं. प्रबंध म्हणून त्यांनी हाच १९१८ चा पेपर दिला. वयाच्या ३७ व्या वर्षी त्यांना स्वतःच्या नावावर शिकवायचा हक्क मिळाला. पगार अजूनही नव्हताच.

१९२२ मध्ये त्यांना प्राध्यापक ही पदवी मिळाली. पदवी मोठी, पण तिच्यासोबत ना पगार होता ना अधिकार. १९२३ मध्ये बीजगणित शिकवायचं एक छोटं कंत्राटी काम मिळालं आणि त्याचे थोडे पैसे हातात येऊ लागले. आपल्याकडं तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायची गरज नाही. नाव प्राध्यापकाचं, काम प्राध्यापकाचं, फक्त पगाराचा कागद वेगळा.

आणि पैसे सुरू झाले तेही कुठल्या वर्षी? १९२३, म्हणजे जर्मनीत महागाईनं कळस गाठला ते वर्ष. पाव आणायला नोटांची थप्पी न्यावी लागायची ते दिवस. आयुष्यातली पहिली कमाई हातात आली तेव्हा नोटेलाच किंमत उरली नव्हती.

नोटरबाईंची पोरं

इथपर्यंत एमी नोटर यांना इतरांनी हात दिला. गॉटिंगेनच्या पुढच्या दहा वर्षांत उलटं घडलं. स्वतःकडं पद नसलेल्या या बाई इतरांचा आधार बनल्या.

त्यांच्याभोवती तरुण गणितज्ञांचा एक घोळका तयार झाला. गावात त्यांना नोटरबाईंची पोरं म्हणूनच ओळखायचे. यात हॉलंडहून आलेला व्हॅन डेर व्हार्डेन होता, माक्स डॉयरिंग होता, चीनमधून आलेला त्झेन होता. ग्रेटे हेरमान ही विद्यार्थिनीही त्यांच्याच हाताखाली डॉक्टर झाली.

बाईंची शिकवण्याची तऱ्हा अजब होती. बोलण्याचा वेग प्रचंड, वर्गातच नवं काहीतरी सुचायचं आणि फळ्यावर त्याचा माग सुरू व्हायचा. ठरलेल्या टिपणांवरून शिकवणं त्यांना जमायचंच नाही. नवखा माणूस पहिल्याच तासात गळून जायचा. पण जे टिकले त्यांना गणित घडताना बघायला मिळालं. एकदा सुट्टीमुळं संस्थेची इमारत बंद होती, तर बाई पोरांना घेऊन रानातून चालत निघाल्या आणि एका कॉफीच्या दुकानात जाऊन तास पुरा केला. पोरं त्यांच्या घरी यायची, त्या पुडिंग करून घालायच्या आणि गप्पा परत गणिताकडं वळायच्या.

आपल्या डोक्यातल्या कल्पना त्या सढळ हातानं वाटायच्या. विद्यार्थ्याच्या पेपरात मूळ विचार बाईंचा असायचा, पण नाव विद्यार्थ्याचं लागायचं आणि त्यांना त्याचं काहीच वाटायचं नाही. १९३० आणि ३१ मध्ये व्हॅन डेर व्हार्डेन यांचं आधुनिक बीजगणितावरचं पुस्तक दोन भागांत आलं. या पुस्तकानं जगभरात बीजगणित शिकवायची पद्धत बदलली. हे पुस्तक एमिल आर्टिन आणि एमी नोटर यांच्या व्याख्यानांवर आधारलं आहे, असं त्यावर छापलेलं होतं. तिकडं माथेमाटिशे अनालेन या नामांकित नियतकालिकासाठी नोटर वर्षानुवर्षं लेख तपासायच्या, संपादनाचं काम करायच्या. मुखपृष्ठावरच्या संपादकांच्या यादीत त्यांचं नाव कधी आलं नाही.

१९३० मध्ये हिल्बर्ट निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी हर्मन वाइल आले. नोटर यांच्यासाठी चांगलं पद मिळावं म्हणून वाइल यांनी मंत्रालयाकडं खटपट केली. ती फळाला आली नाही. आपल्यापेक्षा सरस असलेली गणितज्ञ खालच्या जागेवर आणि आपण वरच्या खुर्चीत, याची लाज वाटायची, असं वाइल यांनी पुढं जाहीरपणे कबूल केलं.

बाहेरच्या जगात मात्र मान वाढत होता. १९२८-२९ चा हिवाळा त्यांनी मॉस्कोत शिकवण्यात घालवला. १९३२ मध्ये आर्टिन यांच्यासोबत त्यांना गणितातलं एक मोठं जर्मन पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी झुरिकच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत त्यांनी सगळ्या सभेपुढं प्रमुख व्याख्यान दिलं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

आणि सात महिन्यांनी ती तार आली.

तपकिरी गणवेशातला विद्यार्थी

नोटर ज्यू होत्या, युद्धविरोधी होत्या, डाव्या विचारांच्या होत्या आणि बाई होत्या. नव्या सरकारला इतकं पुरेसं होतं. कायद्यात पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना सवलत होती. ती अर्थातच त्यांना लागू नव्हती.

विद्यापीठाचं दार बंद झालं तेव्हा नोटर यांनी काय केलं? पोरांना घरी बोलावलं. शिकवणी त्यांच्या राहत्या घरात सुरू झाली. एक विद्यार्थी तर नाझींच्या निमलष्करी दलाचा तपकिरी गणवेश घालून यायचा. बाईंनी त्यालाही दारातून परत पाठवलं नाही. तोही गणित शिकायला बसला.

त्या उन्हाळ्यात गॉटिंगेनमध्ये सगळीकडं भीती होती. सहकारी रोज कुणाला तरी निरोप देत होते. अशा वातावरणात नोटर यांचा शांतपणा आणि इतरांची काळजी करण्याचा स्वभाव आपल्याला सावरून गेला, असं वाइल यांनी नंतर सांगितलं. ज्यांची नोकरी गेली होती त्याच इतरांना धीर देत होत्या.

सहकारी गप्प बसले असंही नाही. हेल्मुट हास्से या गणितज्ञानं पुढाकार घेऊन नोटर यांच्या बाजूनं १४ गणितज्ञांची पत्रं गोळा केली. फार काही मोठी मागणी नव्हती. निदान मोजक्या हुशार विद्यार्थ्यांना तरी त्यांना शिकवू द्या, इतकंच म्हणणं होतं. पत्रं सरकारदरबारी गेली आणि उपयोग शून्य झाला. त्याच वर्षी त्यांचा शिकवण्याचा परवाना कायमचा रद्द झाला. जो कागद मिळवायला चार वर्षं झगडावं लागलं होतं, तो काही महिन्यांत गेला.

पहिल्यांदाच एका विभागात बायका सहकारी

मदत आली समुद्रापलीकडून. अमेरिकेत हाकलून दिलेल्या जर्मन विद्वानांसाठी एक समिती तयार झाली होती. या समितीनं आणि रॉकफेलर फाउंडेशननं मिळून पैसे उभे केले आणि पेनसिल्व्हेनियातल्या ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात नोटर यांची सोय झाली. १९३३ च्या अखेरीस त्या तिथं पोचल्या.

इथं गणित विभागाच्या प्रमुख होत्या अ‍ॅना पेल व्हीलर. त्या स्वतः तरुणपणी गॉटिंगेनला शिकल्या होत्या. बाई म्हणून गणितात जागा मिळवताना काय सोसावं लागतं ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. दोघींची घट्ट मैत्री झाली. नोटर यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं की विभागप्रमुख बाई, विद्यार्थिनी मुली आणि महिन्याला पगार. पन्नाशी ओलांडल्यावर.

पोरांची जागा आता पोरींनी घेतली. तोच झपाटा, तेच लांबच लांब चालणं, चालता चालता तेच गणित. फक्त उत्साहाच्या भरात बाई मधूनच जर्मन बोलू लागायच्या. १९३४ पासून त्या दर आठवड्याला प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीमध्येही व्याख्यान द्यायला जायच्या. आइनस्टाइन आणि वाइल तोपर्यंत तिथंच आले होते.

१९३४ च्या उन्हाळ्यात त्या एकदा जर्मनीला जाऊन आल्या. भाऊ फ्रिट्झ हेही गणिताचे प्राध्यापक. त्यांचीही नोकरी गेली होती आणि ते सोव्हिएत संघात, सायबेरियातल्या तोम्स्कला चालले होते. बहीण-भावाची ती शेवटची भेट ठरली. पुढं फ्रिट्झ यांना स्टालिनच्या राजवटीत खोट्या आरोपाखाली अटक झाली आणि १९४१ मध्ये गोळ्या घालून मारण्यात आलं.

एमी यांना ते बघावं लागलं नाही. एप्रिल १९३५ मध्ये गाठ काढण्यासाठी त्यांची शस्त्रक्रिया झाली. पहिले काही दिवस बरे गेले आणि मग अचानक ताप भडकला. १४ एप्रिल १९३५ ला, वयाच्या ५३ व्या वर्षी त्या गेल्या. ब्रिन मॉरमधल्या वाचनालयाच्या ओवरीखाली त्यांची रक्षा पुरलेली आहे.

वाइल यांनी ब्रिन मॉरला येऊन श्रद्धांजलीचं भाषण केलं. आइनस्टाइन यांनी न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून त्यांची थोरवी सांगितली. व्हॅन डेर व्हार्डेन यांनी नाझी जर्मनीत राहून त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला आणि तो छापून आला माथेमाटिशे अनालेनमध्ये. ज्या नियतकालिकानं जिवंतपणी संपादक म्हणून त्यांचं नाव छापलं नव्हतं, त्याच्याच पानांवर.

चांगली माणसं पुरेशी असतात का?

एमी नोटर यांची गोष्ट बहुतेक वेळा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. पण नीट बघितलं तर प्रत्येक वळणावर कुणीतरी सहकारी उभा दिसतो. फिशर यांची पोस्टकार्डं, हिल्बर्ट यांचं वेळापत्रकातलं नाव, क्लाइन यांनी मांडलेला पेपर, हास्से यांनी गोळा केलेली पत्रं, व्हीलर यांची मैत्री.

आणि प्रत्येक वळणावर हेही दिसतं की सहकाऱ्यांचा आधार जिथं संपतो, तिथून पुढं फक्त नियम उरतो. हिल्बर्ट वर्ग देऊ शकले, पगार देऊ शकले नाहीत. वाइल लाजले, पण पद मिळवून देऊ शकले नाहीत. १४ पत्रं गेली, एक सही हलली नाही. वीस वर्षं चांगल्या माणसांनी सांभाळून घेतलं आणि विद्यापीठानं कागदावर काहीच पक्कं केलं नाही. नाझींचा कायदा इतका क्रूर होता की त्यात कायम नोकरीवाले प्राध्यापकही वाहून गेले. पण त्यांना निदान गमवायला एक पद होतं.

आज जर्मनीत संशोधनाला निधी देणारी प्रमुख संस्था तरुण संशोधकांसाठी एक योजना चालवते. निवड झालेल्या संशोधकाला सहा वर्षं स्वतःच्या नावावर संशोधन गट चालवता येतो, त्याचा निधी मिळतो आणि स्वतःचा पगारही मिळतो. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनात गेलेली वर्षं पात्रता ठरवताना हिशेबात धरली जातात.

त्या योजनेचं नाव आहे, एमी नोटर योजना.